धारेच्या वेळेपर्यंत परत

डेअरीवर दूध घालायला गेलं की रोज एक तरी बाई विचारते, "काय गं सुनंदा, ते पाण्याचं पार्क कसं हाय? आन बघायला वेळ किती लागतो?" मी सांगायला सुरुवात करते, तेवढ्यात तिचा नंबर येतो आणि माझी गोष्ट लाटांपर्यंत पोचायच्या आत अडकते. अर्धी हकिगत एकीला, उरलेली दुसरीला. आता तर गावात असं पसरलंय की मी समुद्रात पडले होते आणि शमीमवहिनींनी मला केसाला धरून वर ओढलं! म्हणून म्हटलं, एकदा बसून सगळं लिहूनच काढावं. ज्यांना जायचंय त्यांना उपयोग होईल, ज्यांना जायचं नाही त्यांची करमणूक होईल.

वेळ किती लागतो, हा प्रश्न मात्र अगदी बरोबर आहे. आमचं घोडं तिथंच तर अडलं होतं.

भोंगवली

कापूरहोळचे रफिकभाई वडापाची, म्हणजे शीटा भरून नेणारी, जीप चालवतात. ते आणि आमचे हे भोरच्या शाळेत एका बाकावर बसायचे, त्यामुळे घरोबा जुना. त्यांनी एकदा कुणा मास्तरांच्या कुटुंबाला त्या वॉटर पार्कला नेलं. खंडाळ्याचा घाट उतरला की खोपोलीच्या अंगाला आहे ते. परत आले आणि आमच्या ओट्यावर बसून चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, तिथं भोंगा वाजतो आन टाकीत लाट येती. समुद्रावानी!" झालं. आमची मनी आणि त्यांची नाझ, दोघींनी सुट्टी लागायच्या आतच आमचं डोकं खायला सुरुवात केली.

मे महिन्यात जायचं ठरलं, पण किती वेळासाठी, यावर घरात रोज खल. ह्यांचं म्हणणं, "जत्रा आसती तसंच की. पाळण्यात बसायचं, पाण्यात पाय घालायचे, भेळ खायची, चला घरला. दोन तास लई झाले." रफिकभाई हसायला लागले. "दोन तासात कपडे बदलून व्हायचे न्हाईत लेका. मानसं सकाळी आत शिरत्यात ती गेट बंद करताना भाईर येत्यात. आन माझं ऐकाल तर रातीला माझ्या मेव्हणीकडं खोपोलीला ऱ्हाऊ, दुसऱ्या दिवशी निवांत येऊ."

"रातीला?" मी म्हटलं. "आन चंद्रीची धार कोण काढनार, तुमची मेव्हणी?"

चंद्री म्हणजे आमची म्हैस. दूध भरपूर, पण स्वभाव माझ्या नणंदेचा. माझ्या हाताशिवाय ती कुणालाच पान्हा सोडत नाही. सासूबाईंना आता गुडघ्यांमुळे उकिडवं बसवत नाही, आणि हे जवळ गेले की ती लाथ उचलते. धार चुकली की कास दगडासारखी होते, जनावर तळमळतं, दुखणं लागतं ते वेगळंच. त्यामुळे चंद्री दारात आल्यापासून माझं सगळं जाणं-येणं दोन धारांच्या मधलं. लग्नाला गेले तर अक्षता टाकून परत. माहेरी वेल्ह्याला गेले तर आईच्या हातचा चहा पिऊन परत.

मी म्हटलं, "सकाळची धार काढून जाऊ, दुपारी जेवलं की निघू. सांजच्या धारेला मी हितं पायजे."

रात्री भांडी घासताना मनी माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तू कुठं पण अर्ध्यातनंच निघतीस. गॅदरिंगला माझा नाच सुरू व्हायच्या आधी गेलीस. रफिकचाचा म्हनत्यात, लाटा दुपारनंतर लई मोठ्या येत्यात. तू न्हवतीस तर मी एकटी काय करू लाटेत?"

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. पोरगी रडली असती तर मी तिला दटावलं असतं, पण ती नुसतीच राख चोळत बसली. मी "बघू" म्हटलं. ह्यांनी ते ओट्यावरून ऐकलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात आले आणि खांबाला टेकून म्हणाले, "मला शिकीव."

हिरवं पातळ

म्हैस माणूस ओळखते ती आधी वासावरून. आमच्याकडे बाई आजारी पडली की गडी तिचं लुगडं नेसून धारेला बसतो, ही जुनी युक्ती आहे. माझं गोठ्यातलं एक हिरवं पातळ होतं, जुनेर, धुवून धुवून विटलेलं. धार काढताना तेच नेसायचं आणि मग गोठ्याबाहेरच्या दोरीवर टाकायचं. ते पातळ यांनी पायजम्यावरून गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला, मिशा झाकल्या आणि चंद्रीच्या कुशीशी जाऊन बसले. चंद्रीनं मान वळवून नीट हुंगलं आणि चरवीच उडवली. मी हसून हसून गव्हाणीला टेकले.

पण माणूस हट्टी. रोज पातळ नेसायचं, रोज लाथ चुकवायची. एकदा तर शेजारची शेवंताकाकू पाठीमागून जाताना म्हणाली, "सुनंदा, आज लवकर लागलीस गं कामाला?" आणि यांनी बायकी आवाज काढून "व्हय" म्हटलं! काकू तशीच पुढे गेली. बिचारीला अजून माहीत नाही, आता कळेल.

हळूहळू चंद्री दूध द्यायला लागली. थोडं आधी, मग पुरतं. फक्त एक गोम होती. मी दावणीजवळ उभी असले तरच. मी नसताना काय होईल ते कुणी बघितलं नव्हतं. तरी यांनी ठरवून टाकलं, "तुमी दिवसभर ऱ्हा. सांजची धार माझी." आणि माझ्याच्यानं नाही म्हणवेना.

घाटाखाली

सकाळची धार काढून निघालो. रफिकभाई जीप चालू करताना बिस्मिल्ला म्हणतात, आणि आरशाखाली लिंबू-मिरची पण त्यांनीच बांधलेली. "दोनी पार्ट्या खूश पायजेत वहिनी," असं त्यांचं म्हणणं. पुढे ते आणि त्यांची बायको शमीमवहिनी, मागे मी आणि दोन पोरी. कात्रज, पुणे, पुढचं सगळं सांगत बसत नाही. नव्या मोठ्या रस्त्यावर बोगदे लागतात, तिथं पोरींनी घसा बसेपर्यंत आरडाओरडा केला, एवढं पुरे.

पार्कच्या दारात पहिला झटका. पिशवी तपासणारा पोरगा म्हणाला, बाहेरचं खाणं आत चालत नाही. माझ्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, शमीमवहिनींचे गुळाचे गुलगुले, सगळं परत जीपमध्ये. आमच्याकडे पाहुणा शिदोरी घेऊन आला तर कौतुक होतं, इथं जप्ती! पण हातावर शिक्का मारून घेतला की दुपारी बाहेर येऊन खाता येतं, हे त्यानंच हळूच सांगितलं. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

दुसरा झटका आत, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत. भिंतीवर पाटी, पाण्यात साडी चालणार नाही. तिथली बाई म्हणाली, "मावशी, साडी पायात अडकते. भाड्यानं ड्रेस घ्या." मी म्हटलं, अगं मी पाण्यासाठी म्हणून मुद्दाम जुनं पातळ आणलंय! नदीवर, तीर्थावर आंघोळीला जायचं तर अंगावर जुनेर घ्यायचं, आमच्या आईनं हेच शिकवलंय. आदल्या दिवशी दिवेलागणीला घाईघाईत पिशवी भरताना हात गेला तो सरळ दोरीवरच्या जुन्या पातळावर. सकाळची धार घाईत नेसत्या साडीतच काढली, म्हणून दोरी रिकामी आहे हेही दिसलं नाही. तिला दाखवायला म्हणून मी ते पिशवीतून ओढून काढलं.

शेणाचा, पेंडीचा, म्हशीचा वास खोलीभर सुटला. मुंबईच्या दोन बायका नाकाला रुमाल लावून बाजूला झाल्या. आणि तेव्हा कुठं मी त्याचा रंग बघितला. हिरवं पातळ! चंद्रीचं पातळ! इथं त्याला कुणी पाण्यात शिरू देईना, आणि तिकडं त्याच्यावाचून सगळं अडलेलं.

"शमीमवहिनी," मी म्हटलं, "घात झाला."

फोन

रफिकभाईंकडं मोबाईल होता. आमच्या गावात दुकानात फोन. दुकानदारानं ह्यांना हाक मारून आणेपर्यंत मी तिथल्या फरशीवर येरझाऱ्या घालत होते. परत फोन लावला तर हे धापा टाकत आलेले.

"अहो, पातळ माझ्यासंगं आलंय!"

"कुठलं पातळ?"

"हिरवं! चंद्रीचं!"

मग म्हणाले, "मग आता?"

"आता काय, मी निघते. रफिकभाईंना सांगते जीप काढायला."

मागे मनी उभी होती. भाड्याचा निळा ड्रेस घालून, टॉवेल छातीशी धरून. ती टॉवेलाची घडी घालायला लागली. घरी जायची तयारीच ती.

"थांब," हे म्हणाले. "पाण्यात उतरलीस का?"

"कुठली उतरते!"

"मग उतर. हिकडचं म्या बघतो."

"काय बघताय? वासाबिगर ती तुमाला जवळ येऊ देनार न्हाई."

मग ह्यांनी अगदी हळू विचारलं, "धार काढताना तू तिच्याशी काय बोलत आसतीस गं? सारखं पुटपुटत आसतीस ते?"

आता काय सांगू! चंद्रीशी मी जे बोलते ते सगळं ह्यांच्याचबद्दल. हा माणूस कधी चार शब्द धड बोलत नाही, जेवताना भाजी कशी झाली विचारावं तर "बरी हाय," तापानं फणफणला तरी "बरं हाय," अशा माणसाबरोबर संसार केला हे माझं मलाच ठाऊक, असली गाऱ्हाणी. ती ऐकता ऐकता चंद्री डोळे मिटते आणि पान्हा सोडते. पण शेजारी रफिकभाई उभे. मी म्हटलं, "काय न्हाई. घरातलंच. मनातलं."

"मनातलं?" जसं काही मी फारसी बोलले.

"व्हय. सुचंल ते बोला, पन गप बसू नका. गप बसलं की ती पान्हा चोरती."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. शमीमवहिनी म्हणाल्या, "सुनंदा, भाऊजी म्हणाले ना बघतो? मग बघू दे की. आपल्या बायकांना कुणी बघतो म्हटलं तरी इस्वास बसत न्हाई, ह्यो आपला रोग हाय." मला राग आला त्यांचा, कारण ते खरं होतं.

लाटा

तर मी तो ड्रेस चढवला. गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि बाह्यांचा शर्ट. लग्न झाल्यापासून माझ्या पोटऱ्यांनी पहिल्यांदाच ऊन बघितलं असेल. लाजेनं मी भिंतीच्या कडेकडेनं चालत होते. शमीमवहिनी लांब पायांचा ड्रेस घालून, डोक्याला ओढणी घट्ट बांधून निघाल्या, तर पाण्यावर लक्ष ठेवणारा शिट्टीवाला म्हणाला ओढणी काढा. त्या म्हणाल्या, "पोरा, तुझी टोपी तू काढ, मग बघू." त्यानं टोपीला हात लावला आणि निमूट बाजूला झाला.

आत घसरगुंड्या आहेत, उंचावरून पडणाऱ्या धारा आहेत, टायरीत बसून वाहत जायचं पाणी आहे. प्रत्येक ठिकाणी रांग. रांगेत उभं राहण्यातच निम्मा दिवस जातो, म्हणून सांगते, दोन तासांत बघू म्हणणाऱ्यांनी घरीच हौदात पाय बुडवून बसावं. घाटात ट्रकवाल्यांना मागं टाकणारे रफिकभाई घसरगुंडीच्या वरच्या टोकाला गेले, खाली बघितलं आणि पोरांना "वाईच सरका, मला खाली फोन आलाय" असं सांगत जिन्यानं उतरले. फोन माझ्या पिशवीत होता.

दुपारी बाहेर जीपपाशी बसून भाकरी खाल्ली. गुलगुले एवढे मऊ की पोरींनी डब्यात काही ठेवलंच नाही.

मग लाटांची टाकी. टाकी कसली, मोठं तळंच, एका बाजूनं उथळ होत आलेलं. भोंगा वाजला. लांबून पाणी फुगत आलं आणि मनीनं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. लाट आली आणि मी पाय सोडले.

माझं माहेर वेल्ह्याचं. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून कानंदी नदीच्या डोहात पोहायला शिकले. पुढं डबाही सुटला. भावाच्या आधी मी डोह पार करायची. लग्नानंतर ते सगळं बंद, कुणी नको म्हटलं नाही, पण कुणी चल पण म्हटलं नाही. वाटलं होतं अंग विसरलं असेल. कुठलं विसरतंय! लाटेबरोबर वर गेले, हात मारला आणि पुढं सरकले. मनी ओरडली, "आई! तुला पवायला येतं?" पोरीला माहीतच नव्हतं. मी इतकी हसले की नाकातोंडात पाणी गेलं, खोकायला लागले, आणि शमीमवहिनींनी माझा दंड धरला. गावातली केसाला धरल्याची बातमी ती एवढीच.

ऊन कलायला लागलं. धारेची वेळ झाली की मला घड्याळ लागत नाही, बोटंच शिवशिवतात. पाण्यात उभी होते तरी बोटं वळायला लागली. आत्ता चंद्री दाराकडं तोंड करून उभी असेल. आत्ता हंबरली असेल. माझा चेहरा मनीनं ओळखला. तिनं हात सोडला आणि कडेकडं चालायला लागली, न सांगता. मला भडभडून आलं. या पोरीला माझी परत जाण्याची वेळ माझ्याइतकीच पाठ झाली होती.

भोंगा वाजला. मी म्हटलं, "मने, कुठं चाललीस? लाट येतीया की!" ती वळली ती धावतच आली. त्यानंतर गेट बंद व्हायची शिट्टी होईपर्यंत आम्ही पाण्यातून बाहेर आलो नाही. मन अर्धं गोठ्यात होतं, खोटं कशाला सांगू, पण पोरगी पाठीवर होती आणि मी पोहत होते.

खोपोली

बाहेर आल्या आल्या गावात फोन. दुकानदार म्हणाला, "तुमच्या मालकांनी निरोप ठेवलाय. सगळं येवस्थित हाय. रातचा घाट करू नका." आता, आमचे हे "येवस्थित" कशालाही म्हणतात. मागे विहिरीची मोटार जळाली तेव्हाही येवस्थितच होतं. पण पोरी पेंगत होत्या. राहिलो.

शमीमवहिनींच्या बहिणीनं तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ वाढली. कोकणाच्या तोंडाशी गेलं की भाकरीचा रंग बदलतो, पातळ, पांढरीशुभ्र, आपल्या ज्वारीच्या भाकरीसारखी पोटात बसून राहत नाही. मी तीन खाल्ल्या. त्या बाईनं मला पहिल्यांदाच बघितलं होतं, पण चंद्रीची सगळी हकिगत विचारून घेतली आणि झोपताना म्हणाली, "दूध दिलं असंल तिनं. जनावराला कळतं, घरची बाई कवातरी भाईर जायला पायजे."

परत भोंगवली

रफिकभाईंना सकाळी वडापाची फेरी होती, म्हणून अंधारातच निघालो. गावात शिरलो तेव्हा फटफटीत उजाडलं होतं. त्यांनी आम्हाला दारात सोडलं आणि गाडी वळवली. मी पिशवी ओट्यावर टाकली आणि गोठ्याकडं धावले.

कुडाच्या अलीकडंच थांबले. आतून चरवीत धार पडल्याचा आवाज येत होता, भरलेल्या चरवीचा, जाड आवाज. आणि हे बोलत होते. अंगात नुसती बंडी, पायजमा, कपाळ चंद्रीच्या कुशीला टेकलेलं.

"...आता काल तुला सांगितलंच की. आजून काय सांगू? संपत आलं माझं. सुनंदाला पवायला येतं, तुला ठावं हाय का? तिच्या भावानं लग्नातच सांगितलं व्हतं मला. म्या तिला कधी इचारलं न्हाई. का इचारलं न्हाई? काय म्हाईत. नीरा नदी ही हितं, दोन शेतं वलांडली की. पन कधी म्हनलो न्हाई, चल. तोंडातनं निघतच न्हाई बघ. तुझ्यापाशी कसं निघतंय? काल घरात आल्यावर चूल बघितली आन लई वंगाळ वाटलं. म्हनलं, ही एक दिस न्हाई तर एवढं वाटतंय, आन आपन तिला ह्ये कवा सांगितलंय? ...उभी ऱ्हा की बाई, झालं. एवढी चरवी भरू दे..."

मनी "बाबा" म्हणणार तेवढ्यात मी तिच्या तोंडावर हात ठेवला. मला रडू फुटलं होतं आणि आवाज होऊ द्यायचा नव्हता. आम्ही दोघी पाऊल न वाजवता माघारी आलो आणि ओट्यावर बसलो. म्हैस माझ्या हाताशिवाय पान्हा सोडते, याचं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तसलं काही वाटलं नाही. वाटलं, सकाळभर धार चालावी.

हे चरवी घेऊन बाहेर आले. आम्हाला बघून दचकले.

"कवा आलात?"

"आत्ताच," मी म्हटलं. "चंद्री कशी हाय?"

"येवस्थित."

चरवी खाली ठेवली. उचलली. परत ठेवली. मनीच्या डोक्यावर उगाच हात फिरवला. मग माझ्याकडं न बघता, रस्त्यावर कुणीतरी चाललंय त्याला सांगावं तसं म्हणाले, "दुपारच्याला नीरेवर जायचं का? पवायला?"

कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या त्यांच्या.

"जायचं!" मी म्हटलं, आणि इतक्या मोठ्यानं म्हटलं की आतून सासूबाईंनी विचारलं, "कुठं गं?"